गळ्याएवढं कुंपण

भाजी आणि दोरा सोडला, तर काकूंनी उभ्या आयुष्यात काही कापलं नव्हतं. कापायचं काम मास्तरांचं. मास्तर म्हणजे त्यांचे यजमान. गणवेश शिवणाऱ्या एका मोठ्या दुकानात एकतीस वर्षं कटिंग मास्तर होते. लग्नानंतर काकू हातानं काज करायला शिकल्या आणि दुकानातले शर्ट गठ्ठ्यांनी घरी येऊ लागले. पण काजाची चीरसुद्धा मास्तरच पाडून द्यायचे, काकूंनी फक्त कडा बांधायच्या.

"कापताना ज्याला दया येते त्यानं कात्रीला हात लावू नये," मास्तर पहिल्याच आठवड्यात म्हणाले होते. "तुझा हात बांधणाऱ्याचा आहे."

काकूंना तेव्हा ते कौतुक वाटलं. त्यात थोडी मक्तेदारीही होती, हे कळायला बरीच वर्षं लागली. पण तोवर सवय झाली होती आणि काकूंच्या काजाला कुठे नाव ठेवायला जागा नव्हती. धुऊन धुऊन शर्ट विरायचा, कॉलर फाटायची, काज मात्र जसंच्या तसं. गल्लीत त्यांना कोणी नावानं हाक मारत नसे. मोठ्यांच्या त्या काजवाल्या काकू, आणि लहानांच्याही काकूच.

मास्तर निवृत्त झाले आणि तिसऱ्या वर्षी, दाढी करता करता, त्यांना झटका आला. डावं अंग गेलं. वाचा शाबूत राहिली, उजवा हात शाबूत राहिला. दवाखान्यातून तीन आठवड्यांनी घरी आले ते खुर्चीत बसून. मग हळूहळू काठी आली. डावा पाय मात्र पुढे टाकायचा म्हणजे आधी कमरेतून झोका द्यायचा, मग पाऊल फरशीवरून खर्रकन ओढत आणायचं. डावा हात पोटाशी मुडपलेला.

व्यायाम करून घ्यायला आठवड्यातून दोनदा एक फिजिओबाई यायच्या. हसतमुख, पण बोलायला रोखठोक. त्यांनी काकूंना स्वयंपाकघरात बाजूला घेऊन सांगितलं, "काकू, पाय वर्षभर ऐकतो. मग हट्टी होतो. या वर्षात जेवढं चालतील तेवढं त्यांचं. खोलीत सहा पावलं टाकून वळतात, त्याला मी चालणं म्हणत नाही. सरळ लांब जागा पाहिजे."

सरळ लांब जागा घरालाच लागून होती. स्वयंपाकघराच्या दारापासून पाण्याच्या टाकीपर्यंत फरशी घातलेला बागेचा पट्टा, मास्तरांच्या चांगल्या दिवसांतली चाळीस पावलं. एका बाजूला घराची भिंत, दुसऱ्या बाजूला तारेचं कुंपण. आणि सगळी अडचण त्या तारेपलीकडेच होती.

पलीकडे शिवणाचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक लांब खोली, तिला बागेकडे चार मोठ्या खिडक्या, आणि खिडक्यांकडे तोंड करून ओळीनं आठ मशीन. चालवणारी होती मास्तरांचीच शिष्या. अठराव्या वर्षी दुकानात आली तेव्हा तिला खडूची एक रेघ सरळ मारता येत नव्हती, म्हणून मास्तरांनी तिचं नाव ठेवलं वाकडी. पुढे रेघ सरळ झाली, स्वतःचा कारखाना झाला, चष्मा लागला, पण नाव तेच. तीच फोनवर सांगायची, "मी वाकडी बोलतेय." आठ शिवणाऱ्यांपैकी पाच जणी मास्तरांच्या हाताखालून गेलेल्या. निवृत्तीनंतर मास्तर रोज तारेशी उभे राहून ओरडायचे, "ए वाकडे, ही बाही आहे का उशीचा अभ्रा?" आणि आतून आठ जणी खिदळायच्या.

आता मास्तर त्या बाजूचं दारही उघडू देत नव्हते.

"त्यांनी मला टेबलापाशी ताठ उभं बघितलंय," एवढंच म्हणाले.

सकाळी लवकर चालावं, तर झोपेतून उठल्यावर पाय लाकडाचा असे; अंग मोकळं व्हायला दहा वाजत. संध्याकाळी कारखाना सातपर्यंत चाले, मग अंधार. राहिला रविवार. रविवारी कारखाना बंद, तेव्हा मास्तर बागेत चालत. फिजिओबाईंनी हे ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "आठवड्यातून एकदा जेवून कोण जगतं हो मास्तर?"

लेक परगावी होती. ती फोनवर म्हणाली, "आई, सरळ भिंत घालून टाक ना. आठ दिवसांचं काम."

मास्तरांनी फोनवरचं ऐकलं. "भिंत नको," ते म्हणाले. "पत्रेही नकोत. ती त्यांची उत्तरेची बाजू आहे, दिवसभर सारखा उजेड असतो. शिवणाऱ्याचा उजेड अडवायचा नाही."

"मग करायचं काय?" काकू जरा चिडूनच म्हणाल्या. "तुम्ही चालायचं नाही, भिंत घालायची नाही. मी काय तुमच्याभोवती चादर धरून फिरू?"

 मास्तर उजवा हात गळ्याशी आडवा धरून म्हणाले, "इथपर्यंत झाडं लाव. वरून उजेड जाऊ दे. तोंड दिसलं तर दिसू दे, तोंडाला काय झालंय? पाय दिसता कामा नये."

दुसऱ्या दिवशी काकू रोपवाटिकेत गेल्या. रोपवाटिकेचा मालक पन्नाशीचा, कमरेला पंचा गुंडाळलेला, एका हातात झारी. काकूंनी अटी मोजून सांगितल्या. भराभर वाढलं पाहिजे, दाट झालं पाहिजे, पाण्यासाठी रडता कामा नये, आणि गळ्याएवढं राहिलं पाहिजे.

"मेंदी न्या ताई. शोभून दिसते."

"किती दिवसांत गळ्याशी येईल?"

"दोन वर्षं धरा."

"माझ्याकडे दोन वर्षं नाहीत."

त्यानं एकदा त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि झारी खाली ठेवली. मग खरी निवड सुरू झाली. बांबू भराभर वाढतो, पण मुळं शेजारी शिरतील. बोगनवेल कशालाही दाद देत नाही, पण काटे. माणूस तोल जाऊन त्यावर पडला तर? शेराचं कुंपण काठ्या खोचल्या तरी फुटतं, पण त्याचा चीक डोळ्यात गेला की डोळा धरून बसायची वेळ. कण्हेर विषारी. काकू एकेकाला नकार देत गेल्या तसा तो गमतीवर आला. "ताई, एवढी पारख तर लेकीला स्थळ बघताना करत नाहीत!"

"लेकीचं बघताना घाई नव्हती भाऊ," काकू म्हणाल्या.

शेवटी तो त्यांना कोपऱ्यात घेऊन गेला. काळ्या पिशव्यांत वीतभर उंचीची, तुकतुकीत पानांची रोपं. "हे कोयनेल. पान इतकं कडू, की जनावर तोंड लावत नाही. उन्हाला भीत नाही, पाणी चुकलं तर रुसत नाही. पाच महिन्यांत गळ्याशी आणून देतो. पण एक गोष्ट ध्यानात ठेवायची." त्यानं खाली वाकून स्वतःच्या गुडघ्याला हात लावला. "इथपर्यंत आलं की निम्म्यावर छाटायचं. पुन्हा आलं की पुन्हा छाटायचं. वरून कापलं तरच खालून फुटतं. तेवढा एक महिना जादा लागेल, पण तो द्या."

"हो हो," काकू म्हणाल्या, आणि साठ रोपं टेम्पोत भरून घेऊन आल्या.

खड्डे एका मजुरानं खणून दिले, रोपं काकूंनी लावली. मास्तर दारातून बघायचे. रोज संध्याकाळी काकू टेप घेऊन उंची मोजत आणि आत येऊन आकडा सांगत, आजाऱ्याचा ताप सांगावा तसा. अकरा इंच. साडेतेरा. सतरा.

गुडघ्याला लागलं त्या दिवशी काकू कात्री घेऊन गेल्या खऱ्या. कोवळे शेंडे वाऱ्यावर हलत होते. मागे दारात मास्तर खुर्चीत. रविवारचं चालून ते तिथेच बसले होते, घामाघूम. काकूंनी पहिला शेंडा दोन बोटांत धरला. निम्मं कापायचं म्हणजे आतापर्यंतचे निम्मे दिवस कापायचे. त्यांच्या जिवावर आलं. एवढं कशाला, दाटच तर दिसतंय, असं म्हणून त्यांनी कात्री पदराखाली घेतली आणि आत जाऊन त्याच कात्रीनं कोथिंबीर चिरली. मास्तरांनी काही विचारलं नाही, त्यांनी काही सांगितलं नाही.

कोयनेल मग सुटलंच. कमर, छाती, खांदा. पाच महिने भरायच्या आत हिरवी रेघ मास्तरांच्या गळ्याशी आली. एका मंगळवारी दहा वाजता मास्तर काठी टेकत दाराबाहेर आले, कुंपणाकडे वरपासून नजर फिरवली आणि चालू लागले. टाकीपर्यंत एकोणसत्तर पावलं झाली. काकू ओट्याशी उभ्या राहून ती मोजत होत्या, आणि गॅसवरचं दूध उतू गेलं.

पुढचे सहा आठवडे घरातली हवाच बदलली. मास्तर दिवसातून तीनदा चालत. एकोणसत्तरची साठ झाली, साठची चोपन्न. फिजिओबाईंनी पाय वाकवून बघितला आणि म्हणाल्या, "हा ऐकायला लागलाय!" मास्तर पुन्हा चिडचिड करू लागले, इस्त्रीला नावं ठेवू लागले. काकूंना एवढं बरं बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

मग एका दुपारी त्या काज केलेल्या शर्टांचा गठ्ठा पोचवायला कारखान्यात गेल्या. झटक्यानंतर तिकडे पहिल्यांदाच. एरवी गठ्ठे वाकडीच आणून द्यायची आणि घेऊन जायची. आत भर दिवसा ट्यूबलाइट लावलेल्या होत्या. वाकडी गडबडीनं पुढे आली. "काकू, तुम्ही कशाला आलात? निरोप द्यायचा ना. या, इकडे बसा, या बाजूला."

पण काकू दमल्या होत्या. त्या खिडकीशी होतं त्या स्टुलावर टेकल्या आणि सहज बाहेर पाहिलं.

समोर कोयनेल होतं. वरती दाट, हिरवंगार. खाली, मांडीपासून जमिनीपर्यंत, नुसत्या काटक्या. एकही पान नाही. बागेत उभं राहून, वरून पाणी घालताना काकूंना ते कधी कळलंच नव्हतं. बसलेल्याच्या डोळ्यांना मात्र खालचा भाग सताड उघडा होता. आणि त्या उघड्या भागातून दोन पाय चालत होते. एक धड. दुसरा झोका देऊन, मग खर्रकन ओढून. काठीचं टोक. निळ्या पट्ट्याची चप्पल, तिच्या आतल्या कडेला झिजलेलं भगदाड. मास्तरांचं बाकी काही दिसत नव्हतं. फक्त पाय.

 काकूंनी वळून पाहिलं. आठही जणी माना खाली घालून शिवत होत्या. कोणी वर बघेना. वाकडी चष्मा पुसत होती.

"गठ्ठा मोजून घे गं," म्हणत काकू उठल्या.

घरी येताना त्यांच्या मनात एकच होतं. सांगावं तर चालणं थांबेल. न सांगावं, तर आठ जणींसमोर रोज त्या माणसाचे पाय उघडे, आणि तो समजतोय झाकली मूठ. चार दिवस त्या मूग गिळून बसल्या. मास्तर चोपन्नची बावन्न झाली म्हणून सांगायला येत, आणि काकू "हो का" म्हणून पोळी उलटत.

पाचव्या दिवशी रोपवाटिकेत गेल्या. मालकानं ऐकून घेतलं. "छाटलं नाही ना?"

"नाही."

"उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, अशातली गत झाली ताई. आता पर्याय नाही. गुडघ्याखाली छाटा, सरसकट. मग खालून फुटेल. आता मुळं धरलीत, चार महिन्यांत पुन्हा उभं राहील, आणि या वेळी खालपासून."

काकूंनी बोटांवर मोजलं. झटक्याला वर्ष व्हायला अडीच महिने उरले होते.

मालकाकडूनच लांब दांड्यांची मोठी कात्री आणली. शनिवारी दुपारी मास्तर झोपलेत असं बघून काकू बागेत गेल्या. दोन्ही मुठी धरल्या. पाती उघडली. आणि तशाच उभ्या राहिल्या.

"काय करतेस?" दारातून आवाज आला.

काकूंनी कात्री खाली ठेवली नाही, वळूनही बघितलं नाही. कुंपणाकडे तोंड करूनच त्यांनी सगळं सांगितलं. गुडघ्यावर न कापल्याचं, स्टुलाचं, निळ्या पट्ट्याचं. "चूक माझी आहे. तुम्हाला लवकर आडोसा व्हावा म्हणून केलं. तुम्ही म्हणाला होतात ना, दया येते त्यानं कात्रीला हात लावू नये."

 मग काठीचा आवाज आत जात गेला. त्या संध्याकाळी ते चालले नाहीत. जेवताना त्यांनी ताटाकडेच बघितलं.

रविवारी सकाळी काकू पाणी घालायला बाहेर आल्या, तर मास्तर आधीच फरशीवर उभे. कारखाना बंद, गल्ली शांत. त्यांच्या उजव्या मुठीत काठीबरोबर शिवणाचा खडू होता.

"दोरी आण," ते म्हणाले. "चुकीचं शिवलेलं झाकून चालत नाही. उसवावं लागतं."

काकूंनी दोरी या टोकापासून त्या टोकापर्यंत गुडघ्याखाली बांधली. मास्तरांनी एक डोळा मिटून ती बघितली. "तिकडे बोटभर वर घे. हं." मग एकेका काटकीवर त्यांनी खडूची खूण केली. वाकता येत नव्हतं म्हणून खुर्ची सरकवत सरकवत, साठही झाडांवर. पाऊण तास लागला. काकूंना वाटलं आता कापायचं मला सांगतील. पण त्यांनी कात्रीच्या उजव्या मुठीला स्वतःचा हात घातला. "दुसरी तू धर. माझा डावा येत नाही."

दोघांनी मिळून एक कात्री चालवायची म्हणजे काय कसरत! पहिल्या झाडाला पाती एकमेकांवर घासलीच नुसती. "अगं, ढकलतेस काय? ती भाकरी आहे का?" "मग तुम्ही ओढू नका!" "मी ओढत नाही, मी कापतोय." तिसऱ्या झाडाला कच्च असा स्वच्छ आवाज आला, आणि नंतर येत राहिला. हिरवे फाटे एकापाठोपाठ एक आडवे पडत गेले. काकूंचे डोळे भरून येत होते आणि हात थांबत नव्हता.

अर्धं कुंपण पडलं तेव्हा मास्तरांची मूठ एकाएकी सैल झाली. ते समोर बघत होते.

एरवी चालताना ते पायाकडेच बघत; आता पलीकडे कारखान्याच्या खिडक्या समोरच उघड्या पडल्या होत्या. आत कोणी नव्हतं. आठ मशीन ओळीनं उभी होती, पण आठांचीही तोंडं आतल्या भिंतीकडे, आणि खुर्च्या खिडकीकडे पाठ करून.

"कधीपासून?" मास्तरांनी विचारलं.

काकूंना प्रश्नच कळला नाही.

"मशीनला पाठीमागून उजेड घेतला तर सुईवर शिवणाऱ्याची स्वतःचीच सावली पडते," मास्तर सावकाश म्हणाले. "पहिल्या दिवशी शिकवलंय मी त्यांना. टाका दिसत नाही. डोळे जातात. आठही जणी..."

काकूंना भर दिवसा लावलेल्या ट्यूबलाइट आठवल्या, आणि वाकडी ज्या बाजूला बसवू पाहत होती ती खुर्ची. आठ जणींना पाय दिसले होते. त्यांनी एकमेकींत काय बोलून घेतलं असेल कोण जाणे. त्या फक्त वळून बसल्या होत्या.

मास्तर खुर्चीत मागे टेकले. खिशातला खडू काढून त्यांनी बोटांत इतका दाबला, की तो मोडला. काकूंनी त्यांच्याकडे बघायचं टाळलं आणि पडलेले फाटे गोळा करायला घेतले. थोड्या वेळानं आवाज आला, "ये. राहिलंय ते होऊ दे."

संध्याकाळपर्यंत सगळं कुंपण गुडघ्याखाली आलं. टाकीमागच्या अडचणीतलं एकच झाड राहिलं. तिथे दोघं मिळून शिरता येत नव्हतं.

सोमवारी मास्तरांनी इस्त्रीचा शर्ट मागितला. इस्त्रीला नाव ठेवलं नाही. बरोबर दहा वाजता, पलीकडे मशीनचा खडखडाट सुरू असताना, ते बागेत उतरले. त्यांना झाकायला आता कुंपण नव्हतंच. तारेशी जाऊन ते काठीवर उभे राहिले. ताठ म्हणता आलं नसतं, पण उभे.

"ए वाकडे!"

एकेक करत आठही मशीन थांबली. वाकडी खिडकीत आली. चष्म्यामागे तिचे डोळे केवढे झाले होते.

"मशीन अशी कोणी ठेवली?"

"मास्तर, ते... ऊन लागतं डोळ्याला."

"उत्तरेचं ऊन? खोटं तरी सरळ बोल. तुझी रेघ अजून वाकडीच आहे." मास्तरांनी हनुवटीनं मशीनकडे खूण केली. "फिरवा सगळी. आत्ता. माझ्यादेखत. उजेड समोरून यायला पाहिजे. आणि माझ्याकडे नाही, सुईकडे बघायचं. बोट शिवलंत तर मी येणार नाही सोडवायला."

आतून कोणीतरी हसली आणि लगेच नाक ओढलं. मग लोखंडी पाय फरशीवरून ओढल्याचा आवाज आला. खर्रकन. एक मशीन, मग दुसरं, मग तिसरं. मास्तर आठवं फिरेपर्यंत थांबले. शेवटची शिवणारी चेहरा वर न करता खुर्चीत बसली, सुईत दोरा ओवला, आणि टाका घालायला लागली. तेव्हा मास्तर वळले. कमरेतून झोका दिला, पाऊल ओढलं, टाकीच्या दिशेनं निघाले.

काकू दारात उभ्या होत्या. पावलं मोजायचं त्या आज विसरल्या. चपला घालून त्या मास्तरांच्या मागून टाकीपर्यंत गेल्या, मागच्या अडचणीत शिरल्या, आणि राहिलेल्या एकुलत्या एका झाडाच्या खडूच्या खुणेवर मोठी कात्री लावून एकटीनंच मिटली.